‘आदिवासींचा आजार’ हे हेडिंग बदला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार,

तुमचा पेपर आमच्याकडे बाबांच्या वेळेपासून येतो, पण खरं सांगू का, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग मी घरी नाही, लॅबमध्ये केलाय. चंद्रपूर जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात मी लॅब टेक्निशियन होते, चार वर्षं झाली रिटायर होऊन. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. त्याची पहिली तपासणी म्हणजे सोल्युबिलिटी टेस्ट. बारक्या काचेच्या नळीत द्रावण घ्यायचं, बोटातलं थेंबभर रक्त टाकायचं, हलवून पाच मिनिटं ठेवायचं आणि नळीच्या मागे छापील कागद धरायचा. अक्षरं वाचता आली तर निगेटिव्ह, नळी गढूळ होऊन अक्षरं दिसेनाशी झाली तर पॉझिटिव्ह, मग तो नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा, एएस पॅटर्न (नुसता वाहक) आहे की एसएस (खरा पेशंट) ते तिथे कळतं. मागे धरायला रेघांचं कार्ड असतं, ते आमच्याकडे हमखास हरवायचं, मग तुमचा पेपर. छोट्या जाहिरातींचं पान सगळ्यात भारी, टाईप बारीक आणि एकसारखा असतो ना. ‘वधू पाहिजे’च्या रकान्यावर मी किती पोरापोरींच्या नळ्या धरल्या असतील याचा काही हिशोबच नाही.

तर 19 जूनला, म्हणजे जागतिक सिकलसेल दिनाला, तुमच्या जिल्हा पानावर बातमी होती. हेडिंग ‘आदिवासींचा आजार : सिकलसेलचा विळखा कायम’. विळखा हा शब्द तुम्हा पेपरवाल्यांना फार आवडतो, कर्जाचा विळखा, व्यसनाचा विळखा, आणि इथे तर सिकल म्हणजेच विळा, म्हणजे विळ्याचा विळखा, चला तेही सोडून देऊ. पण आत बातमीत परत तीनदा ‘आदिवासींचा आजार’, आणि सोबत चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोरीचा फोटो, हातात सिकलसेलचं कार्ड, खाली तिचं नाव, बापाचं नाव आणि गाव. पूर्ण. मी चहा टाकायला उठले होते ती परत खुर्चीत बसले.

त्याच दिवशी संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला, ती अटलांटाला असते. म्हणाली आज ऑफिसला सुट्टी आहे, जूनटीन्थ. मला माहीत नव्हतं, तिनेच सांगितलं, की 1865 सालच्या 19 जूनला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन गावात लष्कराच्या अधिकाऱ्याने येऊन तिथल्या गुलामांना कळवलं की तुम्ही आता मोकळे आहात. लिंकनचा जाहीरनामा लागू होऊन तोवर अडीच वर्षं झाली होती, आणि तिथे तो कुणी अमलात आणलाच नव्हता, मालक कशाला आणतील. 2021 पासून तिकडे ती सरकारी सुट्टी आहे. मी म्हटलं अगं आमच्याकडे आज सिकलसेल दिवस. दोन्ही एकाच तारखेला यावेत हा योगायोगच असावा, पण मला तो काही डोक्यातून जाईना. कारण तुमचं हेडिंग मी आधी कुठेतरी वाचलंय असं दिवसभर वाटत होतं, आणि रात्री आठवलं, ट्रेनिंगच्या पुस्तकात वाचलं होतं. फक्त तिथे ‘आदिवासी’च्या जागी ‘निग्रो’ होतं.

त्याची गोष्ट अशी. 1904 च्या शेवटी शिकागोच्या एका दवाखान्यात ग्रेनाडा बेटावरून दाताचं डॉक्टर व्हायला आलेला एक काळा विद्यार्थी दाखल झाला, वॉल्टर क्लेमेंट नोएल त्याचं नाव. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी दिसल्या, आणि 1910 साली जेम्स हेरिक या मोठ्या डॉक्टरांनी त्यावर पेपर छापला. सिकलसेलचा वैद्यकातला इतिहास तिथून सुरू होतो. हेरिकच्या पेपरात नोएलचं नाव नव्हतं, तेव्हाची पद्धत, आणि बघा, 1910 सालच्या डॉक्टरने पेशंटचं नाव नाही छापलं, तुम्ही आज छापलंत. नोएल पुढे शिकून परत गेला, ग्रेनाडात दवाखाना टाकला आणि 1916 साली न्यूमोनियाने गेला, जेमतेम बत्तीस वर्षांचा.

त्यानंतर कित्येक वर्षं अमेरिकेत हा ‘निग्रो रक्ताचा आजार’ म्हणूनच चालला. म्हणजे इतका, की एखाद्या गोऱ्या माणसाच्या रक्तात वाकड्या पेशी सापडल्या तर डॉक्टर आधी म्हणायचे रिपोर्ट चुकला, आणि रिपोर्ट बरोबर निघाला तर म्हणायचे ह्याच्या खापरपणजोबात कुणीतरी काळा असणार. आजारावरून वंश ठरवायचा आणि वंशावरून आजार! वंशशुद्धीवाल्यांना तर आयतंच कोलीत मिळालं, बघा ह्यांचं रक्तच वेगळं.

मग 1952 साली आपल्याकडे नीलगिरीतल्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांना तीच पेशी सापडली. 1954 साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत काम करून दाखवलं की ज्याच्याकडे एकच सिकल जीन आहे, म्हणजे आपल्या भाषेत एएस पॅटर्न, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया तिथे हा जीन टिकला, मग ते आफ्रिका असो, ग्रीस असो, अरबस्तान असो की आमचं झाडीपट्टीचं जंगल. कातडीच्या रंगाशी काही घेणंदेणं नाही, घेणंदेणं डासाशी आहे. आणि डास चावताना जातीचा दाखला मागत नाही.

आमच्या विदर्भाचं तर 1958 सालीच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी लॅन्सेट या इंग्लंडच्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आणलंय. गोंड, माडिया, परधान, तिकडे नंदुरबारला भिल्ल, पावरा ह्यांच्यात आहेच, पण आमच्याकडे बौद्धांमध्ये भरपूर आहे, कुणब्यांमध्ये आहे, तेल्यांमध्ये आहे. मी स्वतः बौद्ध, माझा पॅटर्न एएस. किट नवीन आलं तेव्हा हात बसावा म्हणून पहिलं बोट स्वतःचंच टोचलं, नळीमागे तुमचा पेपर धरला आणि अक्षरं गेली. एक मिनिट वाटलं द्रावण खराब आहे. परत केलं, परत गेली. तेव्हा माझं लग्न होऊन मुलगी शाळेत होती. नवऱ्याचा एए, म्हणजे सिकल जीनच नाही, असा निघाला म्हणून बरं, नाहीतर दोघंही एएस असले की प्रत्येक बाळंतपणाला चारात एक धोका असतो एसएस मूल होण्याचा, आणि तो ‘प्रत्येक’ शब्द लोकांना समजावता समजावता माझी नोकरी संपली, लोकांना वाटतं पहिलं मूल एसएस झालं म्हणजे आता पुढची तीन सुटली.

माझ्या धाकट्या बहिणीचं तेच झालं, नवराबायको दोघंही एएस. तिचा मुलगा एसएस.

आता त्याचं सांगते कारण हेडिंगने काय फरक पडतो असं तुमचे बातमीदार म्हणतील. मागच्या पावसाळ्यात, भाचा तेव्हा सतरा वर्षांचा, रात्री दहाला पाय आणि कंबर धरली. क्रायसिस म्हणतात त्याला, वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, हाडाच्या आत दुखतं. भाचा म्हणतो दाराच्या फटीत बोट सापडतं ना मावशी, तसं, पण दार उघडतच नाही. बहिणीने आणि मी त्याला ऑटोत घालून एका मोठ्या दवाखान्यात नेलं, नाव लिहीत नाही. कॅज्युअल्टीत केसपेपर झाला आणि बाकावर बसवलं. ह्या पोराची सवय अशी की दुखायला लागलं की मोबाईलवर जुन्या मॅचेस लावून बसतो, आवाज बंद, नुसतं बघत राहतो, ओरडत नाही, ओरडलं की अजून दुखतं म्हणतो. एक तरुण डॉक्टर आला, बघून म्हणाला मोबाईल बघतोय म्हणजे एवढं काही दुखत नसणार, थांबा जरा. तासाभराने सिस्टर म्हणाली, मागच्या महिन्यातही आला होता ना हा, ह्या सिकलसेलवाल्यांना इंजेक्शनची सवय लागते हो, जंगलातली माणसं, सहन करायची ताकद असते त्यांच्यात. माझी बहीण तिच्याकडे बघतच राहिली. नागपूर रोडवर दोन खोल्यांच्या घरात राहतो आम्ही, जंगल कुठलं! ती म्हणाली, ‘‘बाई, माह्या पोराले दुखते, तुम्ही जंगल काहून काढता?’’ सिस्टर वाईट नव्हती, पुढे पहाटे तिनेच पांघरूण आणून दिलं, पण तिच्या डोक्यात एक चित्र पक्कं होतं आणि ते चित्र तिला कुणी दिलं, तर थोडं तुमच्यासारख्या हेडिंगांनी दिलं. दहाला दुखायला लागलेल्या पोराला दुखण्याचं पहिलं इंजेक्शन दोन वाजून गेल्यावर मिळालं. एक तर मी त्या खात्यात आयुष्य काढलेलं, कुणाशी कसं बोलायचं ते मला माहीत, तरी चार तास. जी बाई तिकडे गडचिरोलीतल्या एटापल्लीवरून दोन एसट्या बदलून येते तिचं काय होत असेल.

अमेरिकेत तज्ज्ञांच्या समितीने 2014 साली लिहून ठेवलंय की सिकलसेलचा पेशंट दुखणं घेऊन आला की तासाभराच्या आत औषध मिळालं पाहिजे. लिहून ठेवलंय हं, मिळतं असं नाही. तिथले काळे पेशंट हेच सांगतात की आम्ही औषधाचं नाव आणि डोस सांगितला की आम्हाला गर्दुल्ला समजतात. 2016 साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या मेडिकल स्टुडंट आणि शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला, तर त्यातल्या निम्म्यांना काळ्या लोकांच्या शरीराबद्दल निदान एक तरी भलतीच गोष्ट खरी वाटत होती, जसं की त्यांची कातडी जाड असते. आणि ज्यांना असं वाटत होतं त्यांनी काळ्या पेशंटचं दुखणं कमी धरलं आणि उपचारही चुकीचे सुचवले. एकविसाव्या शतकात, डॉक्टर होऊ घातलेली मुलं. आता आमच्या सिस्टरचं वाक्य परत वाचा, सहन करायची ताकद असते त्यांच्यात. समुद्र एवढा मध्ये, तरी वाक्य तेच.

लंडनमधे तर 2019 साली एकवीस वर्षांचा एसएसचा पोरगा दवाखान्यात अॅडमिट असताना ऑक्सिजन मागत होता, मिळेना, तेव्हा त्याने खाटेवरून अॅम्ब्युलन्सच्या 999 नंबरला फोन लावला. दवाखान्याच्या आतून अॅम्ब्युलन्सला! काही दिवसांत तो गेला. त्यानंतर तिथल्या खासदारांनी चौकशी केली आणि 2021 साली रिपोर्ट काढला, त्याचं नावच ‘कुणी ऐकत नाही’ अशा अर्थाचं आहे.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की आजाराला एखाद्या वंशाचं किंवा जमातीचं नाव चिकटलं की आजार त्यांचा होतो आणि बाकीचे मोकळे होतात. दुखणं ऐकायची जबाबदारी संपते, पैसा द्यायचीही संपते.

पैशाचं बघा. 1970 साली रॉबर्ट स्कॉट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साधा हिशोब मांडला. 1967 साली अमेरिकेत सिकलसेलचे अंदाजे 1155 नवे पेशंट आणि सिस्टिक फायब्रोसिसचे 1206, म्हणजे जवळजवळ सारखेच. हा फायब्रोसिस पण जन्मजातच असतो, फुप्फुसं खराब करतो, मुख्यतः गोऱ्या मुलांना होतो. तर लोकवर्गणीतून फायब्रोसिसला त्या वर्षी 19 लाख डॉलर मिळाले आणि सिकलसेलला एक लाखाच्या आत. तुम्ही म्हणाल जुनी गोष्ट. 2008 ते 2018 या दहा वर्षांचा हिशोब पण झालाय, सरकारी संशोधनाचा पैसा दर पेशंटमागे फायब्रोसिसला 2807 डॉलर आणि सिकलसेलला 812. सिकलसेलचे पेशंट तिथे लाखभर आहेत, फायब्रोसिसचे त्याच्या निम्मेही नाहीत.

आणि जे काही मिळालं ते सरकारला पाझर फुटला म्हणून नाही मिळालं. ब्लॅक पँथर नावाची अमेरिकेतल्या काळ्यांची संघटना आपल्याला माहितीये ती काळी जाकिटं आणि बंदुकांच्या फोटोंमुळे. पण 1971 पासून ह्याच पोरांनी वस्त्यांमध्ये टेबलं टाकून फुकट सिकलसेल तपासणी चालवली, बोटं टोचून, घरोघर जाऊन. आरडाओरडा एवढा झाला की अध्यक्ष निक्सनसारख्या माणसाला 1972 च्या मे महिन्यात सिकलसेलचा वेगळा कायदा सही करावा लागला. आणि गंमत बघा, त्याच 1972 च्या मे महिन्यात मुंबईत त्याच पँथरचं नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले. माझे बाबा त्यांच्या सभेला ट्रकमध्ये उभं राहून नागपूरला गेले होते, त्यांच्या ट्रंकेत अजून तेव्हाची पत्रकं आहेत. त्या पत्रकांत अत्याचार आहे, गायरान आहे, कविता आहे. पण ज्या पँथरचं नाव आपण घेतलं ती पोरं रक्त तपासत होती हे आमच्यापर्यंत आलंच नाही, किंवा आलं असेल तर कुणी मनावर घेतलं नाही, आणि गंमत म्हणजे ज्या समाजाने ते नाव घेतलं त्याच समाजाच्या रक्तात इकडे विदर्भात तो आजार भरलेला. बाबा एएस असणार, नाहीतर आई, कुणीतरी एक नक्की, दोघांचीही तपासणी कधी झाली नाही. हे मी कुणाला दोष द्यायला नाही लिहीत, त्या माणसांपुढे रोज जाळपोळ होती. पण हळहळ वाटते.

(फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली होती हे अशा प्रत्येक लेखात असतं, मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.)

पण अमेरिकेतल्या त्या कायद्यानंतर जे झालं ते तुम्ही नक्की वाचायला पाहिजे कारण फोटोचा मुद्दा तिथे आहे. तपासणी सुरू झाली, काही राज्यांनी काळ्यांना ती सक्तीची केली, पण नीट समजावून सांगणारं कुणी नाही, गुप्तता नाही. वाहक आणि पेशंट यातला फरकच लोकांना कळेना. नुसता वाहक, म्हणजे माझ्यासारखा ठणठणीत माणूस, त्याला नोकरी नाही, विमा महाग. हवाईदलाच्या अकॅडमीने वाहक पोरांना प्रवेशच बंद ठेवला होता, तो 1981 साली उठला. ज्या चाचणीसाठी लोक भांडले तीच त्यांच्या गळ्यात पाटी होऊन बसली.

आमच्याकडे ती पाटी लग्नात दिसते. एक बाई मला आठवते, तिच्या मुलीचा एएस आला. नुसता वाहक, काही औषध नाही, गोळी नाही, काही नाही. फक्त नवरा एएस किंवा एसएस नसावा एवढं बघायचं. मी समजावून सांगितलं, तिने सगळं ऐकलं, मान हलवली, गेली. दुसऱ्या दिवशी परत आली, पदराखालून केळ्यांची फणी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘ताई, निगेटिव्ह लिहून द्या ना, पाहुणे येऊन राहिले रविवारी.’’ मी नाही लिहिलं, कशी लिहिणार. केळी परत दिली. त्या बाईच्या अजून दोन मुली होत्या धाकट्या, कॅम्प त्यांच्या गावात दोनदा लागला, ती दोघींनाही घेऊन आली नाही. तपासलंच नाही तर पॉझिटिव्ह कसं येणार, हा तिचा हिशोब, आणि तिच्या जागी उभं राहून बघितलं तर चुकीचाही म्हणता येत नाही. आता तुम्ही छापलेली ती पोरगी, नाव गाव बाप सगळं, पाच वर्षांनी तिचं लग्न काढतील तेव्हा तो फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर असणारच. आणि तिच्या गावातल्या किती आया आता पुढच्या कॅम्पला पोरींना आणणार नाहीत ते मला विचारा, मी फणी बघितलीये.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला पंतप्रधानांनी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू केलं, 2047 पर्यंतचं. चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, 2025 पर्यंत 6 कोटींच्या वर झालीही. मी टीका नाही करत, एवढं काम आमच्या आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. कार्ड देतात, एसटीत सवलत आहे, 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आलंय. पण मिशनचा रोख मुख्यतः आदिवासी जिल्ह्यांवर आहे, आणि तुमच्यासारख्या बातम्यांनी लोकांना वाटतं आपला काही संबंध नाही. आमच्याच नात्यातले एक गृहस्थ, पोरगं वरचेवर पिवळं पडायचं, सात वर्षं काविळीचं झाडपाल्याचं औषध देत राहिले, तपासणी का नाही केली तर म्हणे तो तर आदिवासींना होतो ना. पोराचा एसएस.

ह्या बाबतीत अमेरिकेने एक गोष्ट शहाणपणाची केली, तेवढी मात्र घेण्यासारखी. 1986 साली तिथे सिद्ध झालं की एसएस बाळाला रोज साधं पेनिसिलीन दिलं तर जीवघेणं इन्फेक्शन 84 टक्क्यांनी कमी होतं, पण त्यासाठी बाळ एसएस आहे हे जन्मल्या जन्मल्या कळायला हवं. मग प्रश्न आला की तपासायचं कुणाला, फक्त काळ्यांच्या बाळांना? 1987 साली तज्ज्ञांनी सांगितलं सगळ्यांना, वंश न बघता, कारण चेहरा बघून तपासायला गेलं की पोरं सुटतात. 2006 पर्यंत सगळ्या पन्नास राज्यांत प्रत्येक बाळाची टाच टोचून सिकलसेल तपासणी सुरू झाली. 1973 साली तिथे एसएस माणसाचं आयुष्य साधारण 14 वर्षं धरायचे, 1994 साली पुरुषांचं 42 आणि बायकांचं 48 वर आलं. जादू कसली, पेनिसिलीन, लसी, वेळेवर निदान, आणि कुणीतरी त्या पोरांना माणसात धरलं.

आता तर जीन एडिटिंग आलंय, म्हणजे पेशींतल्या जीनमध्येच बदल करायचा. मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे या बाईवर 2019 साली पहिल्यांदा केलं, डिसेंबर 2023 ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, किंमत 22 लाख डॉलर, आपले अठरा कोटींच्या वर. आमच्या भाच्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला मावशी तेवढ्यात आपलं अख्खं गाव येईल. आपल्याकडे दिल्लीच्या सरकारी संस्थेने त्याच धर्तीचं तंत्र बनवलं, बिरसा मुंडांच्या नावाने ‘बिरसा 101’, आणि ते पुण्याच्या सीरमला दिलंय स्वस्तात तयार करायला. व्हावं, लवकर व्हावं. पण तोपर्यंत हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल आहे, क्रायसिस कमी करते, सरकारी दवाखान्यात फुकट, आणि बहीण ती आणायला जाते तेव्हा तीन वेळातून एकदा खिडकीवरून उत्तर येतं, संपल्यात, पुढच्या सोमवारी या. कॅप्सूल संपल्याची बातमी कधी तुमच्या जिल्हा पानावर बघितली नाही मी. विळखा मात्र दरवर्षी असतो.

हे पत्र फार लांबलं, कात्री लावाल ते माहितीये, आमच्या लॅबमध्येही मोठे रिपोर्ट कुणी वाचत नसे. सगळं छापू नका हवं तर. पण तीन कामं करा. वेबसाईटवर ती बातमी अजून आहे, मी आज सकाळीच बघितली, त्यातला पोरीचा फोटो आणि नाव आजच्या आज काढा. हेडिंगमधला ‘आदिवासींचा आजार’ काढून नुसतं ‘सिकलसेल’ लिहा, लोकांना कळतं. आणि तुमच्या बातमीदाराला एका सोमवारी गोळ्यांच्या खिडकीपाशी सकाळी नऊला उभं करा. भाचा येईल सोबत, बारावीला आहे, त्याला पण पेपरात काम करायचंय म्हणतो, स्पोर्ट्सच्या पानावर.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन (एएस पॅटर्न)
जि. चंद्रपूर